जाळें न विणणारा कोळी

मराठी भाषेनें कोळी हा एकच शब्द दोघांस दिला आहे. नदींत जाळें टाकून मासे धरणारा तो कोळी, आणि आढ्याला जाळें बांधून माशा धरणारा तोही कोळीच. संस्कृतांत या प्राण्यास ऊर्णनाभ, म्हणजे ज्याच्या नाभींतून सूत निघतें तो, असें म्हटलें आहे. उपनिषत्कारांनीं सृष्टीच्या उत्पत्तीचा दृष्टांत देतांना याच प्राण्याचें सूत पुढें केलें. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत लूता या नांवानें त्याच्या विषाचा विचार आला. एवंच सूत, जाळें व विष या तीन खुणांवरून आपल्या पूर्वजांनीं कोळ्यास ओळखलें. परंतु कोळ्यांचा एक मोठा समाज असा आहे कीं, जो भक्ष्य धरण्यासाठीं जाळें मुळींच विणीत नाहीं. तो भिंतीवर, पानावर, खिडकीच्या गजावर दिवसाढवळ्या हिंडतो. माशी दिसली कीं मांजरासारखा दबकत जवळ जातो, आणि शेवटीं एकाच झेपेंत तिला धरतो. माणसाचें बोट जवळ गेलें, तर पळण्यापूर्वीं वळून तो त्या बोटाकडे टक लावून पाहतो. गोदाकाठच्या गंगाखेडापासून मुंबईच्या चाळींपर्यंत तो नाहीं असें घर क्वचितच सांपडेल. तथापि घरच्या केरसुणीस तो आणि कोळिष्टकांतला कोळी सारखेच.

शास्त्रांत या कुलास साल्टिसिडी असें नांव असून त्याच्या मुळाशीं उडी मारणें या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. जगांत कोळ्यांचीं जितकीं कुलें ज्ञात आहेत, त्यांत हें सर्वांत मोठें होय; याच्या सहा हजारांहून अधिक जातींस आजवर नांवें मिळालीं आहेत. हीं नांवें देण्याचा उद्योग कोणीं आरंभिला, तो आपल्या प्रांतांत कसा आला, आणि ज्यांस शास्त्रज्ञ ही पदवी नाहीं अशा हौशी मंडळींनीं त्यांत कोणता वांटा उचलला, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

प्राण्यांच्या शास्त्रीय नांवांची गणना लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून करावयाची, असा जगन्मान्य संकेत आहे. या संकेतास कोळ्यांच्या बाबतींत मात्र एक अपवाद केलेला आहे. स्वीडनचा कार्ल क्लर्क यानें आदल्याच वर्षीं, म्हणजे १७५७ सालीं, आपल्या देशांतील कोळ्यांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांतील नांवें लिनियसच्या पूर्वींचीं असूनही ग्राह्य धरलीं जातात. युरोपांतील घरांच्या भिंतींवर दिसणारा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा एक उडी मारणारा कोळी या ग्रंथांत आहे. या विद्येचा पाया असा घराच्या भिंतीवरच घातला गेला.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कुलाच्या अभ्यासास खरा वेग आला, तो अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं राहणाऱ्या एका दांपत्यामुळें. जॉर्ज पेकहॅम हे तेथील शाळेंत जीवशास्त्र शिकवीत व पुढें मुख्याध्यापक झाले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ या त्यांच्या बरोबरीनें अभ्यास करीत. या उभयतांनीं उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या शेंकडों जातींचें वर्णन केलें. परंतु त्यांची कीर्ति केवळ नामकरणावर उभी नाहीं. नर कोळी मादीपुढें पाय उंचावून, अंगावरचे रंग दाखवीत नाचतो, हें त्यांनीं तासन् तास बसून पाहिलें आणि १८८९ सालीं त्याचें सविस्तर वर्णन छापलें. मादी नराची निवड करते व त्या निवडीनेंच नराचे भडक रंग वाढत जातात, असें डार्विनचें मत होतें. वॉलेस यास तें मान्य नव्हतें. या वादांत पेकहॅम दांपत्यानें डार्विनच्या बाजूनें जी साक्ष दिली, ती बोटाच्या पेरापेक्षां लहान अशा या नर्तकांची होती.

याच दांपत्यानें १८९६ सालीं मध्य अमेरिकेंतून आलेल्या कांहीं कोळ्यांस किप्लिंगच्या ‘जंगल बुक’मधील पात्रांचीं नांवें दिलीं. त्या पुस्तकाची भूमि आपल्या शेजारची, मध्यप्रदेशांतील सिवनीच्या रानांतली. अकेला नांवाचा लांडगा व बघीरा नांवाचा काळा चित्ता यांचीं नांवें अशा रीतीनें सातासमुद्रांपलीकडच्या कोळ्यांस मिळालीं. त्यांतील बघीरा किप्लिंगी या कोळ्याची खरी नवलाई कळण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. मेक्सिको व कोस्टा रिका येथें तो आपल्या बाभळीच्याच प्रजातींतील एका झाडावर राहतो, आणि त्या झाडाच्या पानांच्या टोंकांशीं येणारे पौष्टिक कण हेंच त्याचें मुख्य अन्न आहे, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. कोळी म्हटला कीं तो मांसाहारी, हा समज त्या दिवशीं ढळला. मेलेल्या नमुन्यावरून नांव देतां येतें, पण आचार कळण्यास जिवंत प्राण्यापाशींच बसावें लागतें, हें यावरून दिसून येईल.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. १८८३ सालच्या १५ सप्टेंबर रोजीं मुंबईस आठ गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत सहा युरोपीय होते व दोन एतद्देशीय. ते दोघे म्हणजे प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही व्यवसायानें वैद्य. फिप्सन हे मद्याचे व्यापारी. त्यांनीं १८८४ सालीं आपल्या दुकानांतील जागा संस्थेस दिली. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे साताऱ्यास जन्मलेले, कांहीं काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकविणारे व नंतर जकात आणि मीठ खात्यांत नोकरी करणारे गृहस्थ. बंगल्यांत शिरणाऱ्या मुंग्या, उंदीर, बेडूक यांवर त्यांनीं लिहिलेलें विनोदी पुस्तक त्याच १८८३ सालीं निघालें. संस्थेचें नियतकालिक १८८६ पासून सुरू झालें. हौशी मंडळींचा उद्योग म्हणून ज्यास आज कोणी हंसण्यावारी नेईल, त्यांतूनच पश्चिम भारतांतील प्राणिशास्त्राची ही आद्य संस्था उभी राहिली.

हौशी संग्राहकाच्या कामाचें मोल दाखविणारी एक गोष्ट १९२४ सालची आहे. त्या वर्षींच्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेंतील मेजर हिंग्स्टन हे डॉक्टर म्हणून गेले होते. कीटक व कोळी हा त्यांचा छंद. सुमारे २२ हजार फूट उंचीवर, जेथें एक झुडूपही उगवत नाहीं अशा खडकांत, त्यांस लहानसे उडी मारणारे कोळी आढळले. त्यांनीं ते जपून आणिले व लंडनच्या संग्रहालयांत ठेविले. तेथें ते बाटलींत तसेच राहिले, आणि १९७५ सालीं वॅनलेस या तज्ज्ञानें त्यांस, सर्वांहून उंचावर उभा असलेला, अशा अर्थाचें नांव दिलें. मधें ५१ वर्षें गेलीं. तरीही ते कोळी निरुपयोगी ठरले नाहींत, कारण ते कोठें व किती उंचीवर सांपडले याची नोंद त्यांच्याबरोबर होती.

स्वातंत्र्योत्तर काळांत भारतीय कोळ्यांच्या अभ्यासाचें मोठें केंद्र पुणें झालें. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याच्या पुणें येथील शाखेंत डॉ. बिनयकृष्ण टिकादार यांनीं दीर्घकाळ काम केलें व सह्याद्रीच्या रानांतून शेंकडों नमुने जमविले. १९७७ सालीं त्यांनीं एका उडी मारणाऱ्या कोळ्यास खंडाळ्याचें नांव दिलें. भारतीय प्राणिमालेंतील कोळ्यांवरचे दोन मोठे खंड त्यांच्या नेतृत्वाखालीं १९८० व १९८२ सालीं निघाले. परंतु त्या खंडांत इतर चार कुलांचा परामर्श असून उडी मारणाऱ्या कोळ्यांचें कुल आलेलें नाहीं. सर्वांत मोठें, सर्वांत परिचित, आणि तरी ज्याचा एकत्र ग्रंथ हाताशीं नाहीं, अशी या कुलाची स्थिति राहिली. ती पोकळी पुढें ज्यांनीं भरून काढण्यास आरंभ केला, त्यांत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या मंडळींचा भाग मोठा आहे.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. कुल ओळखणें सोपें खरें. कोळ्यास बहुधा आठ डोळे असतात. या कुलांत त्यांपैकीं समोरचे मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे व पुढें रोखलेले असतात. एवढी खूण पाहिली कीं पुरे. या डोळ्यांचें भिंग हलत नाहीं. त्याच्या मागें एक नळी असून नळीच्या तळाशीं असलेला पडदा स्नायूंनीं इकडेतिकडे फिरतो. मायकेल लँड या शास्त्रज्ञानें १९६९ सालीं दाखविलें कीं, हा पडदा चार थरांचा आहे. अंतर जोखण्यासाठीं कोळी या थरांचाच उपयोग करतो, एका थरावर स्पष्ट व दुसऱ्यावर पुसट उमटणाऱ्या प्रतिमेवरून तो उडीचें माप घेतो, असें जपानी संशोधकांनीं २०१२ सालीं सिद्ध केलें. उडी मारण्याची युक्तीही निराळी. टोळासारख्या भरदार मांड्या त्यास नाहींत. पायांतील द्रवाचा दाब एकाएकीं वाढवून तो मागचे पाय ताठ करतो, हें पॅरी व ब्राऊन यांनीं १९५९ सालीं केंब्रिज येथें मोजून दाखविलें. झेप घेण्यापूर्वीं तो सुताचें एक टोंक पायाखालच्या जागेस चिकटवितो. नेम चुकला तर त्याच सुतास लोंबकळून परत येतो. जाळें न विणणाऱ्यानेंही सूत टाकलेलें नाहीं, तें असें.

अडचण येते ती जात ओळखतांना. घरोघर दिसणाऱ्या एका जातींत नराच्या काळ्या अंगावर ठळक पांढरे पट्टे असतात, तर मादी मातकट रंगाची असते. नवशिका त्यांस दोन निराळे कोळी समजतो. जुन्या ग्रंथकारांनींही कित्येक वेळां एकाच जातीच्या नरमाद्यांस दोन नांवें दिलीं आहेत. पिलांचा रंग आणखी वेगळा. झाडांवर पानें शिवून राहणाऱ्या तांबड्या मुंग्यांमध्यें एक कोळी असा वावरतो कीं, पुढचे दोन पाय शृंगांसारखे हलवून तो हुबेहूब मुंगीचें सोंग आणतो. म्हणून रंगावर विसंबून चालत नाहीं. नराच्या तोंडाजवळच्या आंखूड पायांची टोंकें व मादीच्या पोटाखालचें जननेंद्रिय यांची घडण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून बहुतेक जातींचा निर्णय होत नाहीं, आणि त्यासाठीं नमुना हाताशीं असावा लागतो.

येथें छायाचित्राचें बळ व त्याची मर्यादा दोन्ही कळतात. मद्यार्कांत ठेविलेल्या कोळ्याचे रंग कालांतरानें उडून जातात. जिवंतपणीं त्याच्या मुखावरची तांबडी पट्टी कशी होती, तो कोणत्या पानावर बसला होता, पाय कसे उचलीत होता, हें बाटलींतून कळत नाहीं. तें छायाचित्रांत टिकतें. पूर्वीं यासाठीं कुशल चित्रकार लागे. पुढें फिल्मचा काळ आला, तेव्हां एका गुंडाळींत ३६ चित्रें निघत व कोणतें साधलें हें धुतल्यावरच समजे. अंकीय कॅमेऱ्यानें ही दोन्ही बंधनें काढिलीं. आज एक मध्यम कॅमेरा, उलटें बसविलेलें भिंग आणि प्रकाश मवाळ करण्यासाठीं दिव्यापुढें धरलेला पांढरा कागद एवढ्या साहित्यावर चार मिलिमीटरच्या प्राण्याचे आठही डोळे दिसूं शकतात. मात्र एवढ्या जवळून स्पष्टतेची पट्टी केंसाएवढी उरते. डोळे स्पष्ट आले तर पाय पुसट होतात. म्हणून जाणते लोक एक चित्र घेऊन थांबत नाहींत. समोरून डोळ्यांचें, वरून पाठीचें, बाजूनें व शक्य तर काचेच्या डबींत ठेवून खालून, अशीं चार अंगांनीं चित्रें घेतात. तरीही अमुक जातच, असें केवळ चित्रावरून छातीठोक सांगण्याचें ते टाळतात. चित्र शोधाची दिशा दाखवितें. निकाल बहुधा सूक्ष्मदर्शक देतो.

अशा सहकार्याचें उत्तम उदाहरण मुंबई व ठाणें परिसरांत घडलें. आरे दुग्धवसाहतीच्या रानांत राजेश सानप व त्यांचे सहकारी यांनीं वर्षानुवर्षें रात्रंदिवस हिंडून विंचू व कोळी पाहिले. तेथील एका उडी मारणाऱ्या कोळ्यास २०२० सालीं वनाधिकारी सुनील लिमये यांचें नांव मिळालें. पुढच्याच वर्षीं, २०२१ सालीं, ध्रुव प्रजापति, सोमनाथ कुंभार, जॉन कॅलेब, सानप आदि अभ्यासकांनीं महाराष्ट्रांतील दोन नव्या जातींचें वर्णन रशियांतील एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं एकीस त्यांनीं आपल्या दिवंगत मित्राचें, कमलेश चोळके यांचें, नांव दिलें. ठाणें येथें सांपडलेल्या दुसरीस दिलें इशियस तुकारामी.

हे तुकाराम म्हणजे देहूचे संतश्रेष्ठ नव्हेत. सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे तुकाराम ओंबळे. मुंबई पोलीस दलांतील हे सहायक उपनिरीक्षक २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीवर हातांत केवळ लाठी घेऊन उभे होते. कसाब या हल्लेखोराच्या बंदुकीची नळी त्यांनीं दोन्ही हातांनीं पकडली व गोळ्या अंगावर घेत ती सोडली नाहीं. त्यामुळें तो जिवंत हातीं लागला. ओंबळे मात्र वांचले नाहींत. २००९ सालीं त्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. शास्त्रीय नांव एकदां रीतसर दिलें म्हणजे पुढील सर्व ग्रंथांत तें चालत राहतें. चौकांतील पुतळे हलतात, रस्त्यांचीं नांवें बदलतात; हें नांव बदलण्यास सरकारी ठराव पुरत नाहीं. एका शिपाईगड्याचें नांव धारण करण्यास, शत्रूवर समोरून झेप घेणारा हा एवढासा जीव अपात्र आहे असें कोण म्हणेल? २०१९ सालीं याच कुलांतील केरळ, तमिळनाडू व गुजरातेंत सांपडलेल्या एका जातीस सचिन तेंडुलकर यांचें नांव देण्यांत आलें होतें. आणि २०२३ च्या सुमारास पुण्यास बाणेरच्या टेकडीवर सांपडलेल्या नव्या जातीस तर टेकडी हाच मराठी शब्द नांवादाखल मिळाला.

या नांवांच्या जोडीला एक कठोर घटना ध्यानांत ठेविली पाहिजे. ऑक्टोबर २०१९ मध्यें आरे येथें मेट्रोच्या कारशेडसाठीं दोन हजारांहून अधिक झाडें तोडण्यांत आलीं. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविण्याचा आदेश दिला. त्या रानांतल्या ज्या जातींस नांव मिळालें होतें, त्यांचा उल्लेख तरी वादांत करतां आला. ज्यांस नांवच नव्हतें, त्यांची बाजू कोणी कोणत्या शब्दांत मांडावी? गणतींत नसलेल्याची हानि गणतींत येत नाहीं. नांव शोधण्याच्या या खटाटोपाचें प्रयोजन केवळ विद्वत्तेचें नाहीं, तें यासाठीं.

वर जीं स्थळें आलीं, त्यांवरून एकवार दृष्टि फिरवावी. आरे, ठाणें, खंडाळा, बाणेर. हीं सर्व सह्याद्रीच्या आसपासचीं व मोठ्या शहरांलगतचीं आहेत. कोळी तेथेंच अधिक म्हणून हीं नांवें आलीं, कीं पाहणारे तेथें अधिक म्हणून आलीं, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. गंगाखेड व सारा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सालीम अली यांनीं १९३१-३२ सालीं त्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी केली, परंतु ती पक्ष्यांची होती. संत जनाबाईंच्या जन्मानें पावन झालेल्या या गांवीं गोदावरीचे घाट आहेत, जुन्या दगडी भिंती आहेत, बांधावर बाभळी आहेत, आणि भोंवतीं कापूस, तूर व सोयाबीन यांचीं शेतें आहेत. यांतील प्रत्येक ठिकाण उडी मारणाऱ्या कोळ्याचें बिऱ्हाड होऊं शकतें. कपाशीच्या पानावर तुडतुडे व लहान माशा धरणारा हा पाहुणा शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार होय. फवारणीचें औषध किडींबरोबर त्यालाही मारतें, आणि किडी परतून येतात तेव्हां राखणदार हजर नसतो. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे; परंतु प्रत्येक बांधावर विद्यापीठाचा माणूस उभा राहूं शकत नाहीं. तेथें शाळेंतला मुलगा उभा राहूं शकतो.

त्या मुलास मोठें साहित्य लागत नाहीं. हल्लींच्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटविण्याचें लहान भिंग त्याच्या कामाचा आरंभ करून देईल. कोळ्यास न मारतां त्याचीं चार अंगांनीं चित्रें घ्यावीं. वहींत तारीख, वेळ, गांव, शेत कीं भिंत, झाड असेल तर कोणतें, कोळी एकटा होता कीं भक्ष्य धरून होता, हें लिहावें. नर कीं मादी हें कळत असेल तर लिहावें, न कळल्यास जागा मोकळी सोडावी. जातीच्या नांवाचेंही तसेंच. चुकीच्या नांवापेक्षां मोकळी जागा बरी, कारण ती पुढच्या जाणत्यास भरतां येते. वर्षभर एकाच बांधावर दर आठवड्यास अशी नोंद झाली, तर कोणता कोळी पावसाळ्यांत दिसतो, कोणता कापूस वेंचणीच्या वेळीं, फवारणीनंतर किती दिवसांनीं परततो, याचा हिशेब त्या वहींत आपोआप उभा राहील. एव्हरेस्टच्या खडकांतील कोळ्यांस ५१ वर्षांनीं नांव मिळालें, तेव्हां त्यांच्या बाटलीवरची चिठी शाबूत होती. गोदाकाठच्या कोळ्यांसाठीं ती चिठी अजून लिहावयाची आहे.